६/९ दृष्टी आणि वाकडी फळी

काकांच्या केसपेपरवर उजव्या डोळ्यापुढे ६/९ लिहिलेलं होतं (पूर्ण नजर ६/६, म्हणजे हे जवळपास पूर्णच) आणि खाली 'चष्म्याची गरज नाही' असा शेरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, लेन्स छान बसलेली. तक्रार एकच होती: फळी वाकडी दिसते.

काका सुतार, साठी उलटलेली. रंधा मारून झाला की फळी चेहऱ्यासमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने कडेवरून नजर सोडायची, ही जन्माची सवय. "हाताला कळतंय डॉक्टर, कड सरळ आहे. गुण्या लावला तरी सरळच. डोळाच मधे पोक काढतो." पण ६/९ म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. कुणी ड्रॉप्स दिले, कुणी 'वयाप्रमाणे होतं' म्हणून वाटेला लावलं. मोतीबिंदू काढण्याआधी मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाचा, ओसीटी हा थर दाखवणारा स्कॅन करून घेतला असता, तर निदान ऑपरेशननंतर काय दिसणार नाही हे तरी त्यांना आधी कळलं असतं. एवढी साधी तपासणी का टाळतात, याचा मला खरोखर राग येतो.

मी त्यांच्या हातात ॲम्सलर ग्रिड दिला: १० सेंटिमीटरचा चौरस, आत ५ मिलिमीटरच्या चौकटी, मधे ठिपका. डावा डोळा झाकून काय दिसतं ते यावरच काढा म्हटलं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि सराईत हाताने रेषा ओढल्या. ठिपक्याजवळच्या रेषा बाहेर फुगलेल्या, मधले चौकोन शेजारच्यांपेक्षा मोठे. ओसीटीत नेमक्या त्याच जागी पापुद्रा ताणून बसला होता. मॅक्युलाच्या मध्यावर जो खळगा असायला हवा, तो भरून निघालेला आणि आतले थर चुणलेले.

याला मॅक्युलर पकर म्हणतात. वयानुसार डोळ्यातलं जेल रेटिनापासून सुटतं. सुटताना काही पेशी रेटिनाच्या पृष्ठभागावर मागे राहतात, पसरतात आणि त्यांचा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. रेटिनाला छिद्र पडलं असेल, डोळ्याला सूज येऊन गेली असेल किंवा मार बसला असेल, तरीही असा पापुद्रा धरू शकतो. बहुतेकांचा तो तसाच पडून राहतो, काही त्रास देत नाही. काकांचा मात्र आकसत गेला. मॅक्युलातल्या पेशी मध्याकडे गोळा झाल्या की तेवढ्याच वस्तूची प्रतिमा जास्त पेशींवर पडते आणि मेंदू ती वस्तू मोठी समजतो. ड्रॉप्स, गोळ्या, चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, यातलं काहीही तो पापुद्रा काढू शकत नाही.

माझ्या सहकाऱ्याचं मत स्पष्ट होतं: ६/९ ला हात लावायचा नाही. त्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. विट्रेक्टॉमीत, म्हणजे डोळ्यातलं जेल काढायच्या ऑपरेशनमध्ये, रेटिना फाटू शकतो, सुटू शकतो, क्वचित जंतुसंसर्ग होऊन डोळाच जाऊ शकतो. पण ज्या तक्त्यावर आम्ही ६/९ ठरवतो तो हर्मन स्नेलेनने १८६२ मध्ये तयार केला, आणि तो सांगतो ते इतकंच, की किती बारीक अक्षर ओळखता येतं. अक्षर वेडंवाकडं दिसलं तरी ओळखलं की गुण मिळतात. रेषांचा वाकडेपणा मोजणारे वेगळे तक्ते आहेत, पण गर्दीच्या ओपीडीत ते कपाटाबाहेर येत नाहीत.

काकांनी धोके शांतपणे ऐकले आणि एकच विचारलं, "फळी सरळ दिसेल?" वाकडेपणा कमी होईल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही, असं मी सांगितलं. ते तयार झाले.

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल दिली. २५ गेजची, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रं घेतली आणि जेल काढलं. मग निळा रंग सोडला. ब्रिलियंट ब्लू या पापुद्र्याला धरत नाही, त्याच्या खालच्या आयएलएम या रेटिनाच्याच सर्वांत आतल्या थराला धरतो. म्हणजे जिथे निळं नाही, तिथे पापुद्रा. त्या फिक्या बेटाची कड शोधून चिमटा टेकवायचा. दाब जरा जास्त झाला तर खालचा रेटिना दुखावतो, कमी पडला तर हाती काही लागत नाही. कड उचलली गेली की वर ओढायचं नाही, रेटिनाला समांतर, गोलाकार फिरवत सोलायचं. काकांचा पापुद्रा एका जागी घट्ट चिकटलेला होता. तिथे मी थांबलो, चिमटा सोडला आणि उलट बाजूने आलो. तो अखंड निघाला. मग पुन्हा रंग देऊन आयएलएमही सोलला, कारण तो ठेवला तर पापुद्रा परत धरण्याची शक्यता वाढते. दोन-तीन मायक्रॉन जाडीचा थर तो, दुमडत निळ्या चुणीसारखा चिमट्याला आला. त्या दिवशीच्या हातावर मी समाधानी आहे, आजही.

सुधारणा हळूहळू होते, कित्येक महिने चालते. काका आता ६/६ वाचतात. ओसीटीत थर बरेच सपाट झालेत, खळगा मात्र पूर्ण परतलेला नाही. कॉन्फरन्समध्ये आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावला तर सगळे मान डोलावतील. काकांनी पुन्हा ग्रिड काढून दिला: पोक बराच उतरलाय, पण मधले चौकोन अजून मोठेच. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन आकारांची चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. "आधीपेक्षा पुष्कळ बरं," ते म्हणाले, "पण कड आता डाव्यानेच बघतो." ऑपरेशनची वाट बघत असतानाच त्यांनी ती सवय लावून घेतली होती. साठीनंतर.

परवा त्या डाव्या डोळ्याचा ओसीटी केला. तिथेही पापुद्र्याची बारीक चकाकी आहे. अजून ताण नाही, खळगा शाबूत आहे, रेषा सरळ आहेत. बहुतेक असे पापुद्रे पुढे सरकत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं आणि ते खरंही आहे. ग्रिड घरी दिलाय, एकेक डोळा झाकून बघायला. पण तो सरकला तर हात कधी घालायचा? उजव्यात पेशी आकसून बसल्यावर पापुद्रा निघाला, म्हणून आकार परतला नाही, असं मला वाटतं. मग डाव्यात ६/६ असतानाच, पहिली रेषा हलताच जायचं का? सहकाऱ्याला विचारलं तर तो नाही म्हणतो. माझं अजून ठरत नाही.