नेली

रविवारपासून एकच वाक्य डोक्यात अडकून बसलंय. ताई निघताना चपला घालता घालता म्हणाली, ‘तू ना, अगदी नेली आहेस.’ म्हणताना हसत होती. मीही हसले. मग उगाच कप उचलून ओट्याशी गेले.

एमिली ब्राँटेचं ‘वदरिंग हाइट्स’ मीच तिला दिलं होतं. भोगा आता! वाटलं, बोलेल तर हीथक्लिफबद्दल बोलेल. १८४७ सालच्या कादंबरीत मेलेल्या बाईची कबर उकरणारा माणूस असताना हिला दिसली कोण, तर शिवण घेऊन गोष्ट सांगत बसलेली घरकामाची बाई. आणि तिच्यात मी.

काल रात्री पुस्तक पुन्हा काढलं. नेली निर्दोष निघावी म्हणून, खोटं कशाला बोलू. कॅथरिन, म्हणजे पुढे जिची कबर उकरली जाते तीच, नेलीला सांगत असते, हीथक्लिफशी लग्न केलं तर मला कमीपणा येईल. तेवढंच ऐकून तो बाकावरून उठून जातो. तो म्हणजे माझ्याहूनही जास्त मीच आहे, हे पुढचं त्याच्या कानावर पडतच नाही. तो गेलेला नेलीने पाहिलेलं असतं. पण कॅथरिनने विचारल्यावर ती घरगडी जोसेफ आल्याचं सांगून वेळ मारून नेते.

पुढे कॅथरिन एडगरशी लग्न करते. मग त्याची बहीण इझाबेला हीथक्लिफबरोबर पळते ती रात्र. तिच्या कुत्रीला त्याने रुमालाने टांगलेलं असतं, नेली तिला सोडवते. मग बघते तर पोरीची खोली रिकामी. तरी एडगरला सांगत नाही. त्याची बायको तापाने फणफणलेली, त्यात हे कशाला.

त्यात हे कशाला. हे तर माझंच वाक्य आहे. बाबांचं बीपी, त्यात हे कशाला. पाहुणे बसलेत, आत्ता नको. दिवाळीत वहिनीच्या ताटावरून जे झालं तेव्हाही... जाऊ दे.

नेली अगदीच गप्प असते असंही नाही. इझाबेलाचे हाल बघून हळहळते, हीथक्लिफला चार शब्द सुनावते आणि शेवटी त्याचीच चिठ्ठी कॅथरिनकडे नेते. कबर उकरल्याचं त्याने सांगितल्यावर मात्र बाई कडाडतात: मेलेल्यांची झोप मोडायला लाज नाही वाटली? जिवंत बायकोचा छळ हा तेव्हा घरातला मामला. लग्न झालं की बायकोचा पैसाही नवऱ्याचा. इंग्लंडात त्यावरचे कायदे यायला १८७० आणि १८८२ उजाडले. हीथक्लिफने जे लुबाडलं ते बहुतेक कायद्यात बसवूनच. कबरीची शिसारी सगळ्यांनाच येते. त्याला काय लागतं!

म्हणजे ताईचं बरोबर आहे? मला निदान कॅथरिनचा भाऊ हिंडली तरी म्हणायचं. दारू पिऊन राडा करणाऱ्याला कुणी ‘तू बोलली का नाहीस’ विचारत नाही.

पण एक आहे. हिंडलीचं पोर काय, कॅथरिनची मुलगी काय, दोघांनाही न्हाऊमाखू घातलं ते नेलीनेच. बाकीचे खिडक्या फोडण्यात आणि झुरण्यात मग्न. आणि आजारी पडलेला भाडेकरू आयता सापडल्यावर तिने जे सांगायला घेतलं, ते थांबतेय कसली! इतक्या वर्षांचं साठलेलं. मीही इथे तेच करतेय म्हणा.

ताईला फोन करून दिवाळीचं एकदा सांगून टाकावं म्हणतेय. पण साडेनऊ झालेत. ती जेवत असेल.