250 कोटींत मावशीचे किती?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भाजीवाली मावशी सहसा रिकामी पाटी घेऊन परतते. त्या दिवशी ती दुपारीच माझ्या ऑफिसात आली, आणि पाटीत तांबडी भाजी, वांगी, भेंडे सगळं तसंच. "बाय, कोण हातच लावीना गो."

एका लॅबने दिवसभराच्या रिपोर्टांची एक्सेल शीट डॉक्टरांऐवजी वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. नाव, वय, फोन, तपासणी, निकाल. मावशीचे क्षयाचे उपचार संपत आले होते आणि थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. पण लोकांनी तपासणी कसली ते वाचलं, निकाल वाचलाच नाही. क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे, वाड्याला कळवणं नव्हे!

फोन केल्यावर लॅबचे मालक संध्याकाळी वकील घेऊनच आले. वकील म्हणाले, "नव्या कायद्यातला दंड मे 2027 पर्यंत लागूच नाही." खरं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि दंडाची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी.

मावशीने टीव्हीवर 250 कोटींचा आकडा ऐकलेला. तिने विचारलं, "तातूंतले म्हाका कितले?"

एक पैसाही नाही. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल कमाल 250 कोटी, फुटल्याचं न कळवल्याबद्दल कमाल 200 कोटी, आणि जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारं कलम आहे जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, 43-अ. नवे दंड लागू होतील त्याच वेळी ते रद्द होणार! हा व्यवहार मला अजून पटलेला नाही. पण तूर्त ते जिवंत आहे, वैद्यकीय माहिती त्यात बसते आणि 5 कोटींपर्यंतचे दावे राज्याचे आयटी सचिव ऐकतात. म्हणजे वकीलसाहेब ज्या उशिरावर टेकून बसले होते, तो आमच्याच पथ्यावर पडत होता. तसं मी त्यांना सांगितलंही.

मालक नरमले. रोख रक्कम देतो म्हणाले, फक्त ही गोष्ट कुठे बोलणार नाही असं लिहून द्या.

मावशी उसळली. "माझं गुपित ह्याला सांभाळता आलं नाही, आणि आता ह्याचं मी सांभाळू?" तिला पैशांआधी त्याच ग्रुपवर मालकांच्या नावाने दोन ओळी हव्या होत्या: चूक लॅबची, रिपोर्ट निगेटिव्ह. वकील म्हणाले, ही तर लेखी कबुली होईल. बोलणी तिथेच फिसकटली.

आता अर्ज पर्वरीला, आयटी सचिवांकडे जाणार आहे. पंचाईत पुराव्याची. न विकल्या गेलेल्या भाजीची पावती कोण देतं? शेजारची फुलवाली प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाली आहे. तिची अट एकच, तिचं नाव ग्रुपवर येता कामा नये.