टोरांटोचा सीएन टॉवर: एकदा ढगात, एकदा उन्हात

पैसे पाण्यात जातात हे आजवर ऐकलं होतं. आमचे ढगात गेले.

गेल्या जुलैत आई-बाबांना घेऊन ताईकडे टोरांटोशेजारच्या मिसिसागाला गेलो होतो. ताई आणि भाऊजी दोघंही नोकरीवर, त्यामुळे म्हाताऱ्यांना आणि नऊ वर्षांच्या भाच्याला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. सीएन टॉवर यादीत सगळ्यात वर होता. मी हुशारी करून आठवडाभर आधीच ऑनलाइन तिकिटं काढली, मंगळवारी सकाळी अकराची वेळ. मोठ्यांचं तिकीट पंचेचाळीस डॉलरच्या आसपास, भाच्याचं थोडं कमी आणि वर १३ टक्के कर. चौघांचे मिळून दोनशेच्या घरात गेले.

मंगळवारी सकाळी पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेनने, म्हणजे तिथल्या लोकलने, अर्ध्या तासात युनियन स्टेशनला उतरलो आणि बाहेर येऊन वर पाहिलं, तर टॉवर अर्धाच! ५५३ मीटरपैकी वरचा भाग कोणीतरी खोडरबराने पुसून टाकल्यासारखा गायब. तरी गेलो, कारण तिकीट काढलेलं. लिफ्टला बाहेरच्या बाजूला काच आहे. खाली रस्ते, रूळ, स्टेडियमचं छप्पर झपझप लहान होत गेलं आणि मग एकाएकी सगळं पांढरं झालं. अठ्ठावन्न सेकंदांत वर पोचलो, कानांत दडे बसले आणि समोर धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखा शुभ्र पडदा. दीड तास थांबलो. मधे एकदा फट पडली आणि ऑन्टारियो तळ्याचा रुमालाएवढा तुकडा दिसला, तेवढाच.

त्या दिवशी मजा केली ती आईने. मुख्य मजला ३४६ मीटरवर आहे आणि त्याच्या खालच्या मजल्यावर, ३४२ मीटरवर, काचेची जमीन आहे. १९९४ साली केलेली. आई सरळ त्या काचेवर जाऊन उभी राहिली, पदर खोचला, भाच्याला म्हणाली, "ये रे, काही होत नाही, खाली काहीच नाहीये." खरंच काही नव्हतं. पायाखाली फक्त कापूस. आम्ही तिचे फोटो काढले. शूर बाई.

तर पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा: महिनाभर मुक्काम असेल तर तिकीट आधी काढून ठेवू नका. एक-दोन दिवस आधी हवामान पाहा आणि त्या दिवशी सकाळी मान वर करून टॉवरकडे बघा. खालून टॉवरचा वरचा गोल भाग दिसत नसेल, तर त्यातून तुम्हाला खालचं काही दिसणार नाही. एवढा साधा हिशेब मला दोनशे डॉलर घालवून कळला. एका दिवसासाठीच येणाऱ्यांचा इलाज नाही, त्यांनी वेळ तरी दुपारनंतरची घ्यावी. आमचा ढगही दुपारी तीनच्या सुमारास विरला. तेव्हा आम्ही शार्क बघत होतो.

कारण टॉवरच्या अगदी पायथ्याशी रिप्लीज अॅक्वेरियम आहे, २०१३ साली सुरू झालेलं. ढगाळ किंवा पावसाळी दिवस तिथेच खर्च करावा. पाण्याखालून जाणारा ९७ मीटरचा काचेचा बोगदा आहे आणि त्यात सरकता पट्टा, म्हणजे आपण नुसतं उभं राहायचं, डोक्यावरून शार्क आणि कासवं जातात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. दुपारी मात्र लहान मुलांच्या सहलींचा कालवा असतो. संध्याकाळी सातनंतर गेलात तर बोगदा जवळजवळ तुमचाच. टॉवर, अॅक्वेरियम आणि शहरातली आणखी दोन-तीन ठिकाणं करणार असाल तर सिटीपासचा, म्हणजे अनेक ठिकाणांच्या एकत्र तिकिटाचा, हिशेब मांडून पाहा. फक्त टॉवरसाठी तो घेण्यात अर्थ नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते शनिवारी. शनिवार-रविवारी गो ट्रेनचा दिवसभराचा पास दहा डॉलरला मिळतो, दिवसभर कुठेही फिरा. पण तो ऑनलाइनच घ्यावा लागतो, स्टेशनवरच्या मशीनवर शोधत बसू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना गो ट्रेन फुकट आहे. गाडीने जायचा विचारही करू नका, पार्किंगच्या पैशात दोघं जेवून येतील.

युनियन स्टेशनमधून टॉवरकडे स्कायवॉक नावाचा छप्पर असलेला रस्ता जातो. ऊन, पाऊस, बर्फ, काही लागत नाही. हिवाळ्यात तर तोच धरा, कारण टॉवरवर साठलेला बर्फ कधी कधी सुटून खाली पडतो आणि मग आजूबाजूचे रस्ते अडवून ठेवतात. आणखी एक: निघण्याआधी ब्लू जेजचा घरचा सामना आहे का ते पाहा. बेसबॉलचं स्टेडियम, रॉजर्स सेंटर, टॉवरला खेटूनच आहे. सामन्याआधी तासभर स्टेशनपासून निळ्या शर्टांचा जो लोंढा निघतो त्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन चालणं म्हणजे आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उलट दिशेने चालणं. सामना नसेल तरी स्टेडियमच्या भिंतीवरची सोनेरी शिल्पं बघायला विसरू नका. प्रचंड मोठे प्रेक्षक भिंतीतून बाहेर वाकलेत, कोणी दुर्बीण लावून, कोणी नाकाला अंगठा लावून वेडावतोय. भाच्याने त्या वेडावणाऱ्याला तसंच उत्तर दिलं.

आता बाबांची गोष्ट. बाबा भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. टॉवरबद्दल त्यांना पहिल्यापासून फारसं प्रेम नव्हतं. "उंच आहे, बरं, मग?" हा त्यांचा सूर. मी त्यांना सांगितलं की सीएन म्हणजे कॅनेडियन नॅशनल, रेल्वे कंपनी. टॉवर रेल्वेवाल्यांनी बांधला. तेव्हा ते सरळ बसले.

झालं असं की १९६०च्या दशकात टोरांटोत उंच इमारती वाढल्या आणि टीव्ही-रेडिओचे सिग्नल अडायला लागले. त्याच सुमारास स्टेशनजवळच्या रेल्वेच्या जागेवर नवं शहरच वसवायची मोठी योजना निघाली होती, आणि तिच्यात १९२७ साली सुरू झालेलं युनियन स्टेशन बहुतांश पाडायचं होतं. लोकांनी विरोध केला, योजना बारगळली, स्टेशन वाचलं. टॉवर तेवढा झाला. १९७३ साली काम सुरू झालं. काँक्रीटचा साचा जॅकवर हळूहळू वर सरकवत खांब ओतत नेला. शेवटचा अँटेना मात्र तुकड्यातुकड्यांनी हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवला. १९७६च्या जूनमध्ये टॉवर लोकांसाठी उघडला आणि २००७ साली बुर्ज खलिफाने मागे टाकेपर्यंत आधाराशिवाय उभं असलेलं जगातलं सगळ्यात उंच बांधकाम हेच होतं. बाबांना यातलं काय पटलं? "स्टेशन पाडलं नाही ते बरं केलं."

टॉवरसमोर रस्ता ओलांडला की राउंडहाउस पार्क आहे, आणि बहुतेक लोक तिकडे पाठ करून टॉवरच्या रांगेत उभे राहतात. तसं करू नका. इथे १९२९ ते १९३१ मध्ये बांधलेली इंजिनांची अर्धवर्तुळाकार शेड आहे, बत्तीस खणांची, आणि तिच्यासमोर इंजिन फिरवायचं टर्नटेबल. गंमत म्हणजे ही शेड सीएनची नव्हे, तिच्या प्रतिस्पर्ध्याची, कॅनेडियन पॅसिफिकची. आत छोटं रेल्वे म्युझियम आहे, बाहेर जुनी इंजिनं, डबे आणि डॉन नावाचं लाकडी स्टेशन उचलून आणून ठेवलंय. उन्हाळ्यात मुलांसाठी छोटी गाडी पार्कभर फिरते.

बाबा टर्नटेबलच्या कडेला गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि खड्ड्यातला गोल रूळ बघत बसले. मग म्हणाले, "हे नीट तोललं ना, की इंजिन दोन माणसं ढकलतात. वजन मधोमध आलं पाहिजे, बस." बाजूला उभ्या असलेल्या म्युझियमच्या स्वयंसेवकाला त्यांचं मराठी कळलं नाही, पण हाताचा इशारा बरोबर कळला. त्याने हाताने तोच इशारा करून मान डोलवली. पुढची वीस मिनिटं दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. मी मधे पडलो नाही.

डबा आम्ही तिथल्याच हिरवळीवर उघडला. थालीपीठ, लोणचं, दही. शाकाहारी मंडळींना सांगतो, डबा नसेल तर युनियन स्टेशनच्या खालच्या मजल्यावरच्या फूड कोर्टमध्ये पोटापुरतं नक्की मिळतं. टॉवरच्या ३५१ मीटरवर फिरतं रेस्टॉरंट आहे, बहात्तर मिनिटांत एक चक्कर पूर्ण होते. आम्ही गेलो नाही. पण तिथे ठरावीक पदार्थांचं पूर्ण जेवण घेतलं तर वर जायचं तिकीट त्यातच धरतात, म्हणून वाढदिवस वगैरे असेल तर तिकिटाचे पैसे वजा करून मगच ते महाग की स्वस्त ठरवा.

दुपारी समोरच्या तळ्यातल्या बेटावर गेलो. टॉवरपासून धक्क्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत, नाहीतर युनियनहून ट्राम. बोट पंधरा मिनिटांत पलीकडे नेते, नऊ डॉलरच्या आसपास तिकीट, आणि परतीचं वेगळं काढावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सेंटर आयलंडची रांग धक्क्याबाहेर येते. आम्ही वॉर्ड्स आयलंडच्या छोट्या रांगेत शिरलो आणि पाच मिनिटांत बोटीत होतो. बेटं आतून जोडलेली आहेत, चालत कुठेही जाता येतं. शहराचा जो फोटो सगळीकडे बघतो, पाणी, मागे इमारती आणि मधे टॉवर, तो याच बोटीतून येतो. बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहा.

टॉवरची वेळ यावेळी पावणेआठची घेतली होती. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड, तांबूस आणि अंधार, तिन्ही एकाच तिकिटात. ही वेळ सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे गर्दी होते आणि उतरताना लिफ्टला रांग लागते. आम्ही अर्धा तास उभे होतो. परतीची गाडी त्या हिशेबाने धरा. आत जाताना विमानतळासारखी तपासणी आहे, मोठ्या बॅगा नेऊ नका.

यावेळी दिसलं. दक्षिणेला पूर्ण तळं, त्याच्या टोकाला धुरकट रेघ. बेटावरच्या छोट्या विमानतळावर पंख्यांची विमानं उतरत होती आणि आम्ही ती वरून बघत होतो. विमानाची पाठ बघायची माझी ती पहिलीच वेळ. पश्चिमेला स्टेडियमचं छप्पर उघडं, आत हिरवं मैदान आणि मुंगीएवढे खेळाडू. सूर्यास्तासाठी वायव्येची काच आधीच धरून ठेवा, साडेआठनंतर तिथे जागा मिळत नाही. अंधार पडल्यावर काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून फोन काचेला चिकटवून फोटो काढा. आणखी वर ४४७ मीटरवर एक छोटी खोली आहे, तिचे जादा पैसे. माझं मत विचाराल तर तिथे नाही गेलात तरी चालेल. वरून गाड्या जरा आणखी लहान दिसतात, एवढंच. टॉवरच्या बाहेरच्या कडेवर दोर बांधून चालवतात तोही प्रकार आहे, ३५६ मीटरवर, हात मोकळे सोडून. खालून मान मोडेपर्यंत पाहिलं तेव्हा लाल कपड्यातले ठिपके दिसले होते. भाच्याने हट्ट धरला, पण तेरा वर्षांच्या आतल्यांना घेत नाहीत. मी हळूच सुस्कारा सोडला.

आणि आई? काचेच्या जमिनीपाशी आली, खाली पाहिलं, रस्त्यावरची माणसं दिसली, आणि दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकली. "परवा तर उभी राहिली होतीस!" भाचा म्हणाला. "परवा खाली काही होतं का?" आई म्हणाली. काचेवर तिला एक पाऊलही टाकता आलं नाही.

बाबा पूर्णवेळ उत्तरेच्या काचेपाशी होते. तिथून युनियनकडे जाणारे सगळे रूळ दिसतात आणि हिरव्या-पांढऱ्या दुमजली गो गाड्या एकामागून एक येत असतात. ते बोटाने मोजत होते. "बारा डबे. हीपण बारा. ही बघ, ही दहा." सूर्य डाव्या हाताला मावळून गेला, त्यांनी पाहिला नाही.

परत जाताना एक करा. युनियनहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीत वरच्या मजल्यावर, डाव्या हाताच्या खिडकीत बसा. सुटल्यावर लगेच टॉवर अगदी डोक्यावर येतो, दिव्यांनी रंग बदलत असतो. आम्हाला गाडी मिळाली तेव्हा आई आणि भाचा बसल्याबसल्या झोपले होते. बाबांनी खिडकीला गाल लावून वर पाहिलं.

"आता वरून कोणीतरी आपले डबे मोजत असेल," ते म्हणाले. "किती आहेत रे आपल्या गाडीला?"