उन्यासी की नवासी

मी जळगावचा, इंदूरच्या धान्य मंडीत एका आडत्याकडे हिशोब लिहायला लागून तेव्हा जेमतेम ३ महिने झाले होते. सोयाबीनचा सीझन, काट्यावरचे तुलावटी काका मोजून आकडा ओरडायचे आणि मी वहीत टाकायचो. एका गाडीला मला "न्यासी" असं काहीतरी ऐकू आलं, मी ७९ लिहून मोकळा झालो.

संध्याकाळी मजुरी वाटताना हम्माल अडून बसले, पोती ८९ होती म्हणे. त्यांची मजुरी पोत्यामागे, म्हणजे १० पोती पाठीवर वाहिल्याचे पैसे माझ्या वहीने खाल्ले होते. थप्पी परत मोजली, ८९च निघाली. लई वाईट वाटलं मला, मी सगळ्यांची माफी मागितली.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "व सुनो बाबू, व. नवासी." ७९ म्हणजे उन्यासी, कोणी उनासी पण म्हणतं, आणि ८९ म्हणजे नवासी. घाईत उन्यासीतला उ गिळला जातो, मग गोंगाटात फरक उरतो तो फक्त य आणि व चा.

पण माझा खरा घोळ वेगळाच होता. आपल्याकडे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सगळीकडे पुढच्या दशकातून एक कमी. हिंदीतलं उनसठ, उनहत्तर मधलं उन तेच, संस्कृत ऊन म्हणजे कमी. त्यामुळे ९ आला की उन येणारच असं माझ्या डोक्यात बसलेलं. आणि ८९ ला हिंदी ती वाट सोडते, सरळ ८० मध्ये ९ मिळवते. संस्कृतात दोन्ही आहेत, नवाशीति पण आणि एकोननवति पण, हिंदीने पहिलं घेतलं, आपण दुसरं. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री जेवताना रूममेटला पण सगळं सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी काकांना एकोणनव्वद म्हणून दाखवलं. त्यांनी दोनतीनदा घोळवलं, ण काही नीट येईना, पण अर्थ लगेच पकडला, "नब्बे में एक कम! ये तो सीधा हिसाब है." मग विचारलं, "और निन्यानवे को?"

म्हटलं, नव्व्याण्णव.

"तो सौ में एक कम तुम भी नहीं बोलते," असं म्हणून ते काट्याकडे वळले, आणि त्या दिवसापासून नवासी आला की माझ्याकडे बघून "आठ-नौ" असं वेगळं ओरडायला लागले.