छत्राखालची मोकळी जागा

“या चिन्हाचा खरा अर्थ कोणता?” धार्मिक चित्रं-शिल्पं समजावून सांगताना हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. मी सुरुवात सांचीच्या घोड्यापासून करते.

मोठ्या स्तूपाचं पूर्वेकडचं तोरण. त्याच्या मधल्या आडव्या तुळईवर एक घोडा नगराबाहेर पडतो. पाठीवर कुणी नाही, तरी वर छत्र धरलेलं. तोच घोडा पुढे पुन्हा, आणखी पुढे पुन्हा. उजव्या टोकाला दोन पावलं कोरली आहेत आणि तिथून घोडा मागे फिरतो तेव्हा छत्र नाही. सिद्धार्थाचं गृहत्याग करून जाणं त्याला एकदाही न दाखवता सांगितलंय! ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याला छत्राखालची मोकळी जागा भरलेली दिसते.

सांचीच्या इतर शिल्पांतही बुद्ध दिसत नाही, वृक्ष आणि रिकामं आसन दिसतं. त्यांच्या अर्थाबद्दल जाणकारांचंही एकमत नाही. जेम्स फर्ग्युसन यांनी १८६८ साली या शिल्पांत वृक्षपूजा आणि नागपूजा पाहिली. पुढे आल्फ्रेड फूशे यांनी तोच वृक्ष, तेच रिकामं आसन म्हणजे बुद्धाची खूण, असं मानलं. १९९० मध्ये सुझन हंटिंग्टन यांनी वेगळंच मांडलं: यातली बरीच दृश्यं चरित्रातली नाहीतच, ती पवित्र स्थळांवर जमलेल्या भक्तांची आहेत. त्यावर विद्या दहेजिया म्हणाल्या की एकच चिन्ह कुठे बुद्ध असेल, कुठे तीर्थ, कधी दोन्ही. मला हे मनापासून पटतं. दगड एक आहे म्हणून अर्थही एकच असायला हवा, हा हट्ट आपला असतो, शिल्पकाराचा नव्हे.

मात्र वाटेल तो अर्थ चालत नाही. मायकेलअँजेलोने घडवलेल्या, बायबलातल्या मोझेस या प्रेषिताच्या पुतळ्याच्या डोक्यावर शिंगं आहेत. त्यांत कुणी सैतान पाहिला तर ती चूक आहे. मूळ हिब्रू शब्द चेहऱ्यावरच्या तेजाबद्दल आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण लॅटिन बायबलात त्याचं भाषांतर ‘शिंगं असलेला’ असं झालं आणि कलाकारांनी तेच घडवलं. असं काही माहीत असावंच लागतं.

गोष्ट ठाऊक नसेल तर नुसता घोडाच दिसणार, असं मी पूर्वी म्हणायचे. एकदा एक बाई त्या शिल्पाच्या छायाचित्रासमोर बराच वेळ थांबल्या. त्यांना बुद्धचरित्रातलं काही माहीत नव्हतं. परतणाऱ्या घोड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हा कुणाला सोडून आलाय?”