तुम्ही विचारलंत म्हणून : तीच जोडी पुन्हा पुन्हा कशाला?

“तीच जोडी, तीच कक्षा, मग दर खेपेला दुर्बिणीचा वेळ पुन्हा कशाला मागता?” हा प्रश्न मला निवड समितीत विचारला जातो, व्याख्यानानंतर विचारला जातो, आणि ज्यांना तोच वेळ हवा असतो ते सहकारी तर तो हटकून विचारतात. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी वेळ मारून नेत आलो. ते कुणालाही पटलेले नाही, हे समोरच्यांच्या चेहऱ्यांवर दिसतेच.

ती जोडी अशी : पीएसआर बी१२५९-६३ हा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा मृत ताऱ्याचा अतिघन गाभा, एका प्रचंड, तप्त ताऱ्याभोवती सुमारे १२३७ दिवसांत अतिशय लांबट प्रदक्षिणा घालतो आणि निकटबिंदूच्या, म्हणजे दोघे सर्वांत जवळ येतात त्या क्षणाच्या, आधी व नंतर, असा दोनदा, त्या ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीतून जातो. त्या सुमारास क्ष-किरण वाढतात, याचे कारण निदान ढोबळमानाने सांगता येते. खरा पेच अब्जावधी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांचा आहे. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाने डिसेंबर २०१० च्या निकटबिंदूनंतर साधारण ३० दिवसांनी, म्हणजे पल्सार चकतीतून निघून गेल्यावर, मोठी चमक टिपली. २०१४ साली ती जवळपास त्याच सुमारास आली आणि आम्ही सगळेच निर्धास्त झालो. २०१७ साली ती आणखी उशिरा आली, शिवाय काही मिनिटांत चढणाऱ्या-उतरणाऱ्या तुकड्यांत विखुरलेली होती. किरण सर्व दिशांना सारखे फेकले जातात असे धरले, तर त्यांतल्या काही तुकड्यांची शक्ती पल्सारचे फिरणे मंदावताना मोकळ्या होणाऱ्या एकूण शक्तीहूनही जास्त भरते. तेव्हा ते गृहीतकच सोडावे लागते, किंवा आपले चित्र तरी.

मग २०२१ आले. निकटबिंदू ९ फेब्रुवारीचा. एका क्ष-किरण दुर्बिणीवर आम्हाला मिळालेला वेळ आधीच्या खेपांवरून बेतलेला होता : मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही दिवस. रोज सकाळी फर्मीची नवी माहिती उतरवून मी आलेखावर एक बिंदू वाढवत असे. खरे तर बिंदू नव्हेच, खाली तोंड केलेला बाण, कारण हा स्रोत आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे आणि तिथल्या विखुरलेल्या गॅमा प्रकाशातून त्याचे मोजके फोटॉन वेगळे काढता आले नाहीत, तर “तेज याहून जास्त नाही” एवढेच लिहिता येते. बाणांमागून बाण येत राहिले. क्ष-किरणांत मात्र याच काळात, आधीच्या कुठल्याही खेपेत न दिसलेला तिसरा उंचवटा चढू लागला. गॅमा गप्प आणि क्ष-किरण वर, हे आमच्या अर्जातल्या कुठल्याच आकृतीत बसत नव्हते. मी मुदतवाढ मागितली. दुर्बीण दुसऱ्या कामासाठी ठरलेली आहे, असे उत्तर आले, आणि नियमाने ते चूकही नव्हते. निकटबिंदूनंतर सुमारे ५५ दिवसांनी, आमचा वेळ संपून गेल्यावर, गॅमा चमक सुरू झाली. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोललो नाही.

यावर तुम्ही म्हणाल की जास्त लांबचा काळ मागायला हवा होता. मागितला असता तर मिळाला नसता; “दोनदा ३० व्या दिवसाला आलेली गोष्ट ५५ व्या दिवसापर्यंत कशाला पाहायची?” असे तुम्हीच विचारले असते. कक्षा इतकी काटेकोर आहे की २०२४ नंतरचा पुढचा निकटबिंदू नोव्हेंबर २०२७ मध्ये येणार, हे आजच सांगता येते. पण पल्सार ज्या चकतीतून जातो ती दर खेपेला तीच असते, असे कुणी सांगितले?

अर्थात, जुन्या अर्जांत “आणखी एका खेपेत चमकेचे कारण निश्चित होईल” असे लिहिणारा माणूसही मीच. तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. वेळ मिळवायचा तर तसे लिहावे लागते, आणि त्याचा त्यावर विश्वासही होता. चकतीचे फाटलेले तुकडे पल्सारच्या वाऱ्यात, म्हणजे त्याच्यापासून सुटणाऱ्या कणांच्या झोतात, सापडून चमक होते, ही कल्पना त्याला जवळपास सिद्ध वाटत असे. मला ती आजही सर्वांत बरी वाटते. पण चमक एका खेपेला ३० व्या आणि दुसऱ्या खेपेला ५५ व्या दिवशी का, याचे उत्तर तिच्यातून आपोआप निघत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायला मला आवडेल.

सुमारे साडेतीन वर्षांना एक नोंद, याला प्रयोग म्हणायचे का, हा तुमचा आक्षेप मी खोडू शकत नाही. २०२७ च्या अर्जात मात्र निकटबिंदूनंतरच्या २० व्या दिवसापासून ८० व्या दिवसापर्यंतचा काळ मागणार आहे, आणि कारणाच्या रकान्यात या वेळी “निश्चित होईल” हे शब्द नसतील.