फोटोखाली फक्त ‘पुणे जिल्हा’

फोटोखाली ठिकाणाचं नाव का लिहीत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रोज सकाळी पक्ष्याचा एक फोटो टाकायचा हा माझा नेम दहा वर्षांहून जुना आहे, आणि त्याखालचा ‘कुठला?’ हा प्रश्नही तेवढाच जुना. मी ‘पुणे जिल्हा’ लिहितो. मग ‘जिल्हा केवढा आहे, नीट सांगा की’ येतं. त्यालाही उत्तर दिलं नाही की सूर चढतो. ‘माळ काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?’ असंही एकाने विचारून झालंय. त्याचं मला फार वाटलं नाही. पण गेल्या महिन्यात एका मुलाने लिहिलं, ‘दादा, तुम्हालाही कुणीतरी दाखवलंच असेल ना? मग आम्हाला दाखवायला काय जातं?’ हे मात्र मनात राहिलं.

कारण मला खरंच कुणीतरी दाखवलं होतं.

त्याआधी एक कबुली. २०१३ साली मीच एक लांबलचक संतापलेली पोस्ट लिहिली होती. पक्षी कुणाच्या मालकीचे नाहीत, ठिकाणं लपवणारे पक्ष्यांना जपत नाहीत, स्वतःचं नाव जपतात, असं त्यात आहे. मी ती काढून टाकलेली नाही. तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं, उन्हात सहा-सात किलोमीटर चालायचं आणि चंडोलाचा एक धूसर फोटो घेऊन परतायचं. ज्यांना ठिकाणं ठाऊक होती ते हसून विषय बदलायचे. तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

आता २०१७ चा एप्रिल. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका माळावर मेंढरं चारणाऱ्या तात्यांची आणि माझी दोन वर्षांची ओळख होती. एके दिवशी त्यांनी लांबूनच काठीने दाखवलं. ‘हितनंच बघा. म्होरं जायचं न्हाई.’ दुर्बिणीतूनही मला आधी काहीच दिसेना. मग एक ढेकूळ हललं आणि तो धाविक निघाला, माळावर धावत फिरणारा पक्षी. तांबूस डोकं, डोळ्यावरून मागे गेलेली काळी पट्टी, तिच्यावर पांढरी. तो उठून चार पावलं धावला तेव्हा खालची दोन अंडी दिसली. घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं. उघड्या जमिनीवर, खड्यांत आणि वाळलेल्या लेंड्यांत मिसळून गेलेली दोन ठिपकेदार अंडी. तात्या रोज दीडशे मेंढरं तिथून वळसा घालून नेत होते.

मी लांबूनच फोटो काढला, लांब पल्ल्याच्या लेन्सने, पाचच मिनिटं. हे मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. जे सांगितलं नाही ते हे, की मी सलग चार दिवस गेलो. घरट्याच्या फोटोला रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक बोलत होते आणि दुसऱ्या सकाळी मलाही तेच हवं होतं. तिसऱ्या दिवशीच्या फोटोखाली मी माळाजवळच्या तलावाचं नाव लिहिलं. विचारणारे चांगले लोक होते. शिवाय २०१३ ची ती पोस्ट माझीच होती.

रविवारी मी पोचलो तर माळावर सात गाड्या होत्या. रस्त्यावर नव्हत्या, माळावर. उन्हाने तापलेल्या जमिनीवर चाकांच्या रेघा एकमेकींना छेदत गेल्या होत्या. एकजण खिडकीतून लेन्स काढून बसला होता आणि दुसरा त्याला हाताने ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत होता. धाविक वीस-पंचवीस पावलांवर धावायचा, थांबायचा, मान वर करायचा, परत धावायचा. त्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली धरायला. तो उठून राहिला तर अंडी भाजतात. मी हे ओरडून सांगितलं. माझ्याच वयाचा एकजण शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही काढलात ना फोटो? मग आम्ही काढला तर काय झालं?’

मला उत्तर सुचलं नाही. कायदा आठवला तो घरी आल्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. पण तेव्हा आठवला असता तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

गाड्या गेल्यावर मी जाऊन पाहिलं. एक अंडं चाकाच्या रेघेत होतं. दुसरं शाबूत होतं. मी लांब जाऊन अकरापर्यंत बसलो. पक्षी आला नाही. दुसऱ्या दिवशी तेही अंडं नव्हतं. मुंगूस, कावळा, कोण ते कळायला मार्ग नाही. ते चाक माझ्या गाडीचं नव्हतं, हे मी पुढे बरेच महिने स्वतःला सांगत राहिलो.

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘आता तिकडं कायबी न्हाई,’ एवढंच म्हणाले. त्यानंतरही आम्ही भेटत राहिलो, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. घरटं मात्र त्यांनी मला पुन्हा कधी दाखवलं नाही.

तेव्हापासून मी घरट्याचा फोटो टाकत नाही. आजचा फोटो आजचा नसतो, निदान दोन महिने जुना असतो. मागे पवनचक्की किंवा देवळाचा कळस आला तर फोटो कापतो, कारण हुशार लोक तेवढ्यावरून माळ शोधतात. मूळ फाइल कुणाला पाठवत नाही, कारण फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात बहुतेक वेळा अक्षांश-रेखांश असतात. ठिकाण लपवल्याने विज्ञानाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांना सांगतो, की हंगाम संपला की माझी नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाणासकट जाते. आय-नॅचरलिस्ट हे सगळ्या जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या जातींचं अचूक ठिकाण आपोआप झाकतं. धाविक त्या यादीत बसत नाही, त्यामुळे त्याला तेवढंही कवच नाही.

काहीजण सुचवतात, सरळ चुकीचं गाव लिहून मोकळे व्हा. ते मी करणार नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं सांगितलं होतं. नमुना चोरलेला आणि त्यावरची ठिकाणाची चिठ्ठी खोटी निघाली. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. एका खोट्या गावाने शोध कुठल्या कुठे नेला! गप्प राहणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं, एवढा फरक मी धरून आहे.

पण गप्प राहण्यानेही नुकसान होतं, आणि इथे २०१३ चा मी आजच्या मला गप्प करतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून रस्ता जाणार म्हटल्यावर २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा घेऊन निघाले, कारण ती टेकडी त्यांच्या पायाखालची होती. माळाला कोण येणार? सरकारदरबारी तो ‘पडीक’. मी ज्याचं नाव फोटोखाली कधीच लिहिलं नाही अशा एका माळावर २०२१ साली प्लॉट पडले. तिथे लांडग्याचा फोटो काढलेला मी, एकटा अर्ज घेऊन गेलो. अर्ज घेणाऱ्याने विचारलं, ‘आणखी कुणाची तक्रार आहे का?’ नव्हती. असणार कशी? मीच कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्यामुळे मुला, तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तुला कुणी दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. तू एकटा येणार असशील तर मी स्वतः घेऊन जाईन, आधी दोन-तीनदा नुसतं चालायला, कॅमेऱ्याशिवाय. पण फोटोखाली नाव लिहिलं की तू एकटा येत नाहीस.

आणि तरीही. मागच्या आठवड्यात तात्यांच्या माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या पाहिल्या, कोपऱ्यांवर खुंट ठोकलेले. तात्या म्हणाले, मोजणीवाले येऊन गेले. उद्याचा फोटो तिथलाच आहे, फेब्रुवारीतला, एकटा धाविक. फोटो काल रात्रीच तयार करून ठेवलाय. खालची ओळ अजून रिकामी आहे.